रतनच्या खांबापाशी विलायती खसखस

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. अफू मी पेरली नाही, आणि दुसऱ्या कोणाला पेरायला सांगितलीही नाही. गेल्या महिन्यापासून चाळीसगावच्या बाजारात ज्यांच्या तोंडात माझं नाव आहे, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं आणि मग माझ्या ओट्यावर चहाला यावं. मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय पलटणीतून घरी पत्र धाडण्यापुरती. पण डोळ्यानं पाहिलेलं सांगायला शाळा लागत नाही.

सुरुवात दिवाळीला झाली. माझी नात पल्लवी इंग्लंडात नर्स आहे, ती सुट्टीला आली. तिनं माझ्यासाठी एक लाल कागदी फूल आणि बियांची एक पुडी आणली.

"हे काय, कागदाचं जास्वंद?" मी म्हणालो.

"पॉपी आहे आबा. आपल्या खसखशीची रानातली बहीण समजा. तिकडे नोव्हेंबरात दुकानदारापासून मंत्र्यापर्यंत सगळे छातीला लावतात. लढाईत गेलेल्यांची आठवण म्हणून. फुलं विकून जे जमतं ते म्हाताऱ्या शिपायांना आणि त्यांच्या घरच्यांना जातं."

मी म्हणालो, त्यात काय, आपल्याकडेही झेंडा दिन असतो. शाळेत गुरुजी पोरांच्या सदऱ्याला कागदी झेंडा चिकटवतात.

"आणि संध्याकाळी तो कुठं असतो?" ती म्हणाली.

संध्याकाळी तो गटारीत असतो, हे तिलाही माहीत आणि मलाही.

मग तिनं सांगितलं की शंभर वर्षांपूर्वीच्या मोठ्या लढाईत तोफांनी तिकडची शेतं पार उकरून टाकली. झाड राहिलं नाही, गवत राहिलं नाही. आणि त्याच मातीत, जिथं माणसं पुरली होती तिथं, हे फूल आपोआप उगवलं. बी जमिनीत वर्षानुवर्षं दबून राहतं. माती उलटली की वर येतं. ही गोष्ट मला कोणी पटवून द्यावी लागली नाही. पडीक रानाला नांगर लावला की कुठलं कुठलं तण वर येतं, ते जन्मभर पाहिलंय. पण लढाईचा नांगर, आणि वर हे लाल फूल, या विचारानं मला एकदम रतन आठवला.

रतन पावरा. शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याचा आदिवासी. आम्ही दोघं धुळ्यात एकाच दिवशी भरती झालो, एका तुकडीत राहिलो, एका ताटात जेवलो. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेच्या हद्दीवर, वाळूत, तो गेला. पोटाला लागलं होतं. दुपारभर शुद्धीवर होता. त्यानं मला एक निरोप दिला, बायकोसाठी. तिचं नाव सुरती, तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची असेल.

तो निरोप मी पोचवला नाही. रतनच्या सामानाची पेटी घेऊन शिरपूरपर्यंत गेलो, तालुक्याच्या कचेरीत पेटी दिली, आणि तिथूनच माघारी फिरलो. निरोप काय होता आणि का दिला नाही, ते पुढं येईल. पण पन्नासहून जास्त वर्षं मी त्या बाईसमोर उभा राहिलो नाही, हे इथंच लिहून ठेवतो.

दोन वर्षांपूर्वी रतनचा पुतण्या दिलवर मला शोधत चाळीसगावला आला होता. तो धुळ्यात पहारेकरी आहे. त्याच्याकडून कळलं की गेलेल्या माणसासाठी त्यांच्यात उभारतात तसा रतनच्या नावाचा खांब गावात उभा आहे. म्हणून या दिवाळीनंतर तो भेटायला आला तेव्हा पल्लवीची पुडी मी त्याच्या हाती दिली, म्हणालो, खांबाजवळ पेर. चिमूटभर बी फक्त ठेवून घेतलं. स्वतः गेलो नाही. बी धाडलं, म्हणजे माझं झालं, असं मनाला सांगितलं.

फेब्रुवारीत दिलवरचा फोन आला.

"आबा, तुमची फुलं कळीला आली. पण कोणीतरी फोटो काढून चौकीवर दाखवला. फौजदार येऊन गेला. म्हणतो ही अफू आहे. परवा पंच घेऊन येणार, बठ्ठं, एकूण एक उपटणार, आणि सातबाऱ्यावर सुरती पावराचं नाव आहे म्हणून गुन्हा तिच्यावर, असं तोच म्हणतो."

मी पिशवी भरायला घेतली.

धुळे

चाळीसगाव-धुळे रेल्वे म्हणजे आमच्या घरच्यासारखी. गाडीत गावातला एक ओळखीचा भेटला. मी सगळं सांगून बसलो, हीच चूक. तो हसत म्हणाला, "म्हंजे आबा, या वयमा अफूना धंदा?" बाजारातली बातमी तिथूनच सुटली.

धुळ्यात दिलवर स्टेशनवर उभा होता. मी त्याला म्हणालो, पहिलं खसखशीच्या दुकानात चल. आमच्याकडे रश्श्याच्या वाटणात खसखस पडते. जो जन्मभर खसखस विकतो त्याला ओळख असणारच. दिलवरनं मला हमीदभाईंकडे नेलं. जुन्या गल्लीत मसाल्याचं दुकान, वय माझ्याएवढंच, चष्मा कपाळावर चढवलेला.

मी ठेवलेलं बी त्यांच्या तळहातावर टाकलं. त्यांनी शेजारी आपली खसखस टाकली. आपली पांढरी, जाड. माझी बारीक, काळपट, फुंकर मारली तर उडेल अशी.

"हे आमच्यातलं नाही," हमीदभाई म्हणाले.

"मग तसं फौजदारासमोर येऊन सांगा."

"आबा, मी दाणा ओळखतो. झाड माझ्या बापानंही पाहिलं नाही. फौजदार विचारेल, झाड कसं असतं, तर मी काय सांगू, पोत्यात असतं म्हणून?"

दिलवर हसला. मलाही हसू आलं, पण हसण्याची वेळ नव्हती. हमीदभाईंनी सगळी हकिकत ऐकली. रतन लढाईत गेला हे ऐकल्यावर दुकानातला पोऱ्या बोलत होता त्याला हातानं गप्प केलं. मग कागदाच्या पुडीत खसखस बांधून माझ्या हातात दिली. "बाईंना द्या. म्हणावं, ही तरी कायद्यातली आहे."

दिलवरच्या खोलीवर त्यानं शेवेची भाजी केली. तिखट इतकं की नाकातून पाणी. जेवताना तो म्हणाला, "आबा, एक विचारू? माय म्हणते, तुम्ही काकाचे इतके जवळचे, मग आले का नाहीत कधी?"

मी म्हणालो, नोकरी, संसार, राहून गेलं. ते त्याला पटलेलं दिसलं नाही. खोटं मला नीट जमत नाही.

खरं ते इथं लिहितो. रतन म्हणाला होता, "सुरतीले सांग, वाट पाहू नको. दुसरं घर कर." पावऱ्यांमध्ये त्यात काही वावगं नाही. आमच्या घरी मात्र माझी आत्या विशीत विधवा झाली आणि मरेपर्यंत कोपऱ्यात बसली. त्यालाच आम्ही अब्रू म्हणायचो. मला वाटलं, मित्राच्या बायकोला, दुःखाच्या दिवसांत, जाऊन सांगायचं की दुसरा नवरा कर? माझ्या जिभेला हे शोभत नाही. मी रतनपेक्षा शहाणा ठरलो. त्याचा निरोप गिळला आणि वर त्याचा मान राखला असं समजलो.

शिरपूरच्या पुढे

दुसऱ्या दिवशी बसनं तापी ओलांडली. तापी मी शंभर वेळा पाहिलीय. पण त्या दिवशी पुलावरून पाणी इतकं रुंद आणि इतकं शांत दिसलं की वाटलं, चाळीसगाव मागे राहिलं ते राहिलंच. शिरपूरपर्यंत केळी, कापसाच्या वाळलेल्या काड्या. शिरपूर सोडलं की उत्तरेला सातपुडा उभा राहतो, आधी धुरासारखा निळा, मग त्याच्या घड्या दिसायला लागतात.

पुढं काळी-पिवळी जीप. आत सोळा माणसं, तीन कोंबड्या. वाटेत चाक बसलं. ड्रायव्हरनं जादा चाक काढलं, तर तेही बसलेलं.

"हे कधी पंक्चर झालं?" मी विचारलं.

"मागच्या बाजारले," तो म्हणाला, अगदी सरळ चेहऱ्यानं.

राहिलेला रस्ता पायी निघालो. दिलवरनं कुठूनशी काठी आणली. मी घेतली नाही.

"घ्या आबा, चढ शे."

"मी बर्फात चढलोय."

"तेव्हा तुम्हाला पंचवीस वर्षं होती."

काठी त्यानंच वागवली. दोनदा मी दगडावर बसलो, बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं. माझ्या बुटाला नाडी नाही, हे त्यानं पाहिलं, पण बोलला नाही. पोरगा चांगला आहे.

गावाचं नाव लिहीत नाही, पोलिसांचं प्रकरण आहे. पंधरा-वीस घरं, कुडाच्या भिंती, अंगणं अशी सारवलेली की बूट टाकायला जीव होईना. आमच्या गल्लीत घराला घर खेटलेलं. इथं दोन घरांत एक शेत. एकमेकाला हाक मारायची तर डोंगरही ऐकतो.

दिलवरनं मला आधी खांबापाशी नेलं. शेताच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली, सागाचा खांब. उन्हापावसानं राखाडी झालेला. वर कोरलेला माणूस, घोड्यावर बसलेला, खांद्यावर बंदूक.

"रतन कधी घोड्यावर बसला नव्हता," मी म्हणालो. "खेचराला घाबरायचा."

"आमच्यात गेलेला माणूस पायी जात नाही, आबा."

प्रेत घरी आलं नव्हतं. म्हणून त्यांनी लाकडातून माणूस आणला. आमच्या गावात एक सिमेंटचा चौथरा आहे. त्यावर पुढाऱ्यांची नावं मोठी आणि शिपायांची बारीक. मी त्या लाकडी रतनसमोर उभा राहिलो आणि माझे पाय आपोआप जुळले. हात कपाळाला गेला. इतक्या वर्षांनी, तेही कोणी हुकूम दिला नसताना.

खांबाभोवती ती झाडं होती. गुडघ्याला लागतील एवढी, बारीक देठाची, आणि प्रत्येक देठावर एक केसाळ कळी, मान खाली घालून. पन्नास असतील, साठ असतील. इतकी झाडं एकाच बाजूला मान घालून उभी मी कधी पाहिली नाहीत. एकच फूल चार दिवसांपूर्वी येऊन गेलं होतं. त्याचं बारीक बोंड तेवढं ताठ उभं होतं.

"उद्या उपटणार," दिलवर म्हणाला.

तेवढ्यात घराकडून एक म्हातारी आली. ठेंगणी, काळी, दंडावर चांदीचं कडं, चाल माझ्यापेक्षा ताठ.

"ही माझी माय," दिलवर म्हणाला.

मी हात जोडले. म्हटलं, "आणि सुरतीबाई कुठं आहेत?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हीच सुरती, आबा. काका गेल्यावर दोन वर्षांनी माझ्या बापानं तिला घरी आणलं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. दिलवरला मी कधी नीट विचारलंच नव्हतं. मी जो निरोप गिळून आयुष्यभर जड झालो, त्याच्यावाचून तिचं काहीच अडलं नव्हतं. आधी हलकं वाटलं. मग वाटलं, आता सांगण्यात अर्थ नाही, फुलांचं बघू आणि निघू. त्या संध्याकाळी मी तसंच ठरवलं.

तिनं ज्वारीची भाकर, उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा वाढला. हमीदभाईंची पुडी दिली तेव्हा उघडून पाहिली, चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाली, "चांगली शे." जेवताना माझ्याकडे पुन्हा पुन्हा पाहत होती.

फुलांचा दिवस

सकाळी लवकर खांबापाशी गेलो, आणि जे पाहिलं ते आता जमेल तसं सांगतो.

ऊन डोंगरावरून उतरत होतं. काल खाली घातलेल्या कितीतरी माना आज वर होत्या. माझ्या डोळ्यांदेखत एका कळीचं टरफल फुटलं. दोन शकलं झाली आणि गळून पडली. आतून लाल काहीतरी बाहेर आलं, चुरगळलेलं, पेटीत वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेल्या लुगड्यासारखं. ते हळूहळू सुरकुत्या सोडत गेलं. ऊन पाकळीतून आरपार जात होतं. असा लाल मी कुंकवात पाहिला नाही, मिरचीत पाहिला नाही, पळसात पाहिला नाही. पळसाचा लाल ओरडतो. हा बोलत नव्हता. वारा आला की सगळी फुलं एकदम हलत आणि एकदम थांबत. मी शहात्तर वर्षांचा माणूस, शेतात जन्मलो, मी तिथं मातीत बसलो. समुद्रापलीकडचे लोक आपल्या मेलेल्यांसाठी हेच फूल का लावतात, ते मला कोणी न सांगता कळलं.

फौजदार नऊला आला. सोबत दोन शिपाई, दोन पंच, एक फावडं. तरुण होता, बोलायला नीट. फुलं पाहून तोही क्षणभर थांबला.

"बाबा, फूल छान आहे, पण खसखशीच्याच जातीचं आहे ना?"

"बहीण आहे," मी म्हणालो.

"मग झालं तर."

मी चिडलो. मी सांगितलं की मी लढलेला माणूस आहे, हे बी इंग्लंडातून आलंय, तिथं मंत्री छातीला लावतात. तो म्हणाला, मंत्र्यांचं त्यांच्या चौकीनं बघावं. हमीदभाईंचं सांगितलं, तर म्हणाला दाण्याचं नको, झाडाचं सांगा. माझ्याकडे झाडाचं काहीच नव्हतं. शिपायानं फावडं उचललं. मी खांबाला पाठ लावून उभा राहिलो. मला हलवल्याशिवाय त्यांना हात घालता येणार नव्हता, आणि मी हलणार नव्हतो. एवढंच माझ्या हातात होतं.

"सरक साहेब," फौजदाराच्या मागून सुरती म्हणाली. ती थेट फुलांत शिरली, एक पान तोडलं आणि फौजदाराच्या हातावर ठेवलं.

"हात फिराव. खरखरीत शे ना? लव शे ना? अफूनं पान कोबीसारखं ऱ्हास, गुळगुळीत, देठले मिठी मारेल. आनि हाई बोंड देख, बोरनी बीएवढं. अफूनं मुठीएवढं ऱ्हास. चीक काढाले याले चिरा देसू कोठे, नखवर?"

फौजदार चकित झाला. "तुम्हाला कसं माहीत?"

"बारा वरीस माळव्यात मजुरीले गयथू. परवानाना शेतमा. बोंडले चिरा मीच देऊ."

"मग परवाच का नाही सांगितलं?"

"तू इचारं कोठे? सरपंचले इचारं, पोलीस पाटीलले इचारं. आनि मी आपली सांगतू, मी अफू वळखस, ते तू पह्यले मालेच धरतास."

एक पंच हसला. फौजदारही हसला, मग चेहरा सरळ केला. त्यानं पानाचे, बोंडाचे फोटो काढून तालुक्याच्या शेती अधिकाऱ्याला धाडले. अर्धा तास आम्ही मोहाखाली बसलो. सुरतीनं सगळ्यांना काळा चहा दिला, फावडंवाल्यालाही. मग फोन वाजला. फौजदार ऐकत होता, हं हं करत होता.

"निराळं आहे म्हणतात. यात अफू नाही." दोन रोपं त्यानं नमुन्याला घेतली, कागद लिहिला, सुरतीचा अंगठा घेतला. निघताना खांबाकडे पाहून विचारलं, "हे कोण?"

दिलवरनं सांगितलं. त्यानं टोपी नीट केली आणि कडक सलाम ठोकला. शिपायानंही फावडं खाली ठेवून ठोकला.

ते गेल्यावर मी पिशवी उचलली. जीप बाराला होती. सुरती माझ्या वाटेत उभी राहिली.

"भाऊ, तू त्यानाजवळ व्हतास ना? मरना तवय?"

"होतो."

"मी दरवर्षी या खांबले दारू वाहस आनि इचारस, मी तुन्हा भाऊना घर कयं, तुले राग ते नही ना ऊना? तो काय बोलस? लाकूड शे. तुले काही सांगं का त्यानी?"

म्हणजे दोन वर्षांत घर केलं, आणि पन्नास वर्षं भीत राहिली. मी पिशवी खाली ठेवली. खोटं बोलायचं म्हटलं असतं तरी त्या फुलांसमोर जमलं नसतं. मी सांगितलं. वाळू, दुपार, पाणी मागितलं ते, आणि त्याचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत. वाट पाहू नको. दुसरं घर कर. मग हेही सांगितलं की शिरपूरपर्यंत आलो होतो आणि लाजेनं परत गेलो.

मला वाटलं आता ती शिव्या देईल. मी त्यासाठी उभा होतो.

"इतलं सांगाले तुले इतला वरीस लागनात?" ती म्हणाली.

मग पदर नीट करून ती खांबापाशी गेली. फुलं न तुडवता, एक एक पाय बघून टाकत. घोड्यावरच्या रतनसमोर उभी राहिली आणि आपल्या भाषेत बोलू लागली, मोठ्यानं, हात हलवत, बाजारात भाव करावा तशी. मला एक शब्द कळला नाही. मध्येच तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. दिलवर तोंड फिरवून हसत होता, आणि डोळे पुसत होता.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"काकाला विचारतेय," तो म्हणाला, "निरोप धाडायला तुला दुसरं कोणी भेटलं नाही का?"